सीनियरना काय विचारायचं: गोव्यात कॉम्प्युटर-इंजिनिअरिंगला प्रवेश घेण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या डिचोलीच्या घरी ओसरीवर दोन-चार मुलं आईवडिलांना घेऊन येऊन बसतात. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, म्हणून. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कुठलं कॉलेज चांगलं? ब्रँच कुठली घेऊ?" मला पास होऊन दहा वर्षं उलटली. माझ्या वेळचा अभ्यासक्रम आता राहिला नाही, शिकवणारे बदलले, नोकऱ्याही बदलल्या. म्हणून मी सांगते, आज जी मुलं तिथे शिकतायत त्यांना विचारा. पण कोणाला विचारायचं, कसं विचारायचं आणि ऐकलेल्यातलं काय घ्यायचं, हे कोणी सांगत नाही. मला ते ठेचा खात कळलं. ते इथे क्रमाने लिहिते.

पायरी १: आधी दारं वेगवेगळी करा

आपल्याकडे "इंजिनिअरिंग" म्हटलं की सगळी कॉलेजं एकाच माळेत ओवली जातात. मग वेर्ण्याच्या मुलाचं ऐकून कोणी कुंकळ्ळीबद्दल मत बनवतं. तसं करू नका.

फर्मागुडीचं सरकारी गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचं. वेर्ण्याचं पाद्रे कॉन्सेसांव १९९७ चं. शिरोड्याचं श्री रायेश्वर, फातोर्ड्याचं डॉन बॉस्को आणि आसगावचं आग्नेल ही त्यानंतरची. ही सगळी गोवा विद्यापीठाशी संलग्न. इथल्या प्रवेशाचे नियम पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपत्रकात असतात. नियम बदलत असतात, तेव्हा मोठ्या भावाच्या वेळचं माहितीपत्रक घरात पडलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. चालू वर्षाचंच वाचा.

एनआयटी गोवा २०१० मध्ये सुरू झालं, आधी फर्मागुडीच्या आवारात होतं, आता कुंकळ्ळीला स्वतःच्या कॅम्पसमध्ये आहे. तिथला प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर, जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्यांतून होतो. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, ही गोष्ट सत्तरी-पेडण्यातल्या कितीतरी पालकांना माहीतच नसते. आयआयटी गोवा २०१६ चं. त्यासाठी जेईई अॅडव्हान्स्ड द्यावी लागते आणि तिथे राज्याचा कोटा नसतो. झुआरीनगरचं बिट्स पिलानीचं गोवा कॅम्पस २००४ पासून आहे, त्याची परीक्षा बिटसॅट.

इंजिनिअरिंगशिवायही कॉम्प्युटरचं दार आहे. बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून पुढे एमसीए करता येतं आणि ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठातच एमसीए आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाणारी मुलंही पुष्कळ. पणजी, मयें आणि कुडचडे इथे सरकारी पॉलिटेक्निक आहेत.

या प्रत्येक दारामागचं जगणं वेगळं आहे. बिट्सचा मुलगा सांगेल की हजेरीची सक्ती नाही, दुसऱ्या वर्षानंतर दोन महिने आणि शेवटी एक पूर्ण सेमिस्टर ‘प्रॅक्टिस स्कूल’ म्हणून कंपनीत काम केलं. ते खरं असतं. पण संलग्न कॉलेजात ७५ टक्के हजेरी भरायची असते आणि कंपनीतला अनुभव बहुतेक वेळा स्वतः धडपडून मिळवावा लागतो. तेव्हा मत ऐकताना सगळ्यात आधी वहीत लिहा: हे कुठल्या दारामागून आलं?

पायरी २: माणसं निवडा, आणि एकावर थांबू नका

आमच्याकडे नातेवाइकांत एकजण इंजिनिअर असतो आणि त्याचाच शब्द घरात प्रमाण धरला जातो. तो मामा १९८० च्या दशकात फर्मागुडीला शिकलेला असेल तर त्याच्या आठवणी प्रेमाने ऐका, पण प्रवेश त्यावर ठरवू नका. गोवा विद्यापीठच मुळी १९८५ चं. त्याआधी ते कॉलेज मुंबई विद्यापीठाखाली होतं. इतकं सगळं बदललंय.

निदान चार माणसं शोधा. त्यांतला एक तिसऱ्या वर्षाचा हवाच. याचं कारण नीट समजून घ्या. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष बहुतेक सगळ्या ब्रँचना सारखंच असतं: गणित, भौतिक, रसायन, ड्रॉइंग, मेकॅनिक्स, थोडं सी प्रोग्रामिंग. पहिल्या वर्षाची मुलगी "कॉम्प्युटर ब्रँच कंटाळवाणी आहे" म्हणाली, तर बिचारीने कॉम्प्युटर ब्रँच अजून पाहिलेलीच नाही. डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, डिजिटल लॉजिक हे सगळं दुसऱ्या वर्षापासून लागतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर बहुधा तिसऱ्या वर्षात. ब्रँच कशी आहे हे तिसऱ्या वर्षाच्या मुलालाच सांगता येतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हॉस्टेल, बस, कँटीन आणि पहिल्या सेमिस्टरला गणितात काय होतं एवढंच विचारा. त्याची उत्तरं ती उत्तम देतात.

दुसरं माणूस दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेलं, नोकरीत असलेलं. तिसरं, डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेलं. या मुलांचं मत मी फार मोलाचं मानते. त्यांनी दोन प्रकारची शिकवणी जवळून पाहिलेली असते, प्रॅक्टिकलला हात बसलेला असतो, पण गणितात कुठे दमछाक होते ते ती प्रामाणिकपणे सांगतात. चौथं माणूस तुमच्याच भागातलं, रोज ये-जा करणारं.

मुलगी कॉलेजला जाणार असेल तर एखाद्या मुलीशी बोलल्याशिवाय ठरवू नका. प्रॅक्टिकल पाचनंतर संपलं तर कुठली बस मिळते, थांब्यावर दिवे असतात का, हॉस्टेलची वेळ काय, लॅबमध्ये ग्रुप पाडले की मुलींच्या हातात कीबोर्ड येतो की फक्त जर्नल (प्रॅक्टिकलची वही) लिहायचं काम येतं, हे तिला विचारा. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्या ग्रुपमध्ये दोन वर्षं जर्नल मी लिहिलं आणि प्रोग्रॅम मुलांनी चालवले. मला ते उशिरा खटकलं.

विचारायची वेळही पाहा. परीक्षेच्या तोंडावर किंवा निकाल लागलेल्या आठवड्यात कोणाचंच मत सरळ नसतं. बारावीच्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ही सगळ्यात चांगली वेळ. सगळी मुलं घरी आलेली असतात, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला हात लावता लावता बोलणं होतं, आणि प्रवेशाला अजून आठ-नऊ महिने असतात.

पायरी ३: मत विचारू नका, गेला आठवडा विचारा

"कॉलेज कसं आहे?" विचारलंत की "बरें आसा" एवढंच उत्तर येतं आणि बोलणं संपतं. मुलांचा त्यात दोष नाही, प्रश्नच तसा आहे. माझा अनुभव असा की घडलेली गोष्ट विचारली की मूल खुलतं आणि खरं सांगतं. मी हे विचारते:

गेल्या आठवड्यात किती तास झाले, किती रिकामे गेले? रिकाम्या तासाला तुम्ही काय केलंत?

शेवटचं प्रॅक्टिकल कुठलं? मशीन दोघांत एक होतं की प्रत्येकाला एक? प्रोग्रॅम चालला नाही तेव्हा कोण मदतीला आलं?

इंटर्नलचा (कॉलेजच्याच चाचणीचा) पेपर परत मिळाला का? चूक कुठे झाली ते कोणी दाखवलं का?

कुठला एक विषय आवडला आणि तो कोणामुळे?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबा. एखाद्या मुलाला तिन्ही वर्षांत एकही विषय सांगता आला नाही तर ते मला काळजीचं लक्षण वाटतं. याउलट "कॉलेज भंगार आहे" म्हणून सुरुवात करणारा मुलगा डेटाबेसच्या मॅडमबद्दल दहा मिनिटं बोलत राहिला, तर त्या दहा मिनिटांना पहिल्या वाक्यापेक्षा जास्त वजन द्या.

आणि जमलं तर त्याचं जर्नल मागा. आमच्या शेजारच्या मुलाने गेल्या चवथीला मला त्याचं जर्नल आणून दाखवलं. तपकिरी कव्हर, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, दहा प्रयोग, पुढे तारखा, शेवटच्या रकान्यात सही. मी तारखा वाचल्या. पहिला प्रयोग आणि शेवटचा प्रयोग यांत तीन महिन्यांचं अंतर होतं, शाई मधे बदलली होती, चौथ्या प्रयोगावर लाल पेनाने लिहिलं होतं, "स्टॅक रिकामा असेल तर काय? पुन्हा कर." खाली त्याने पुन्हा केलेला प्रोग्रॅम डकवलेला. मी त्याच्या वडिलांना म्हटलं, काका, या लॅबमध्ये कोणीतरी वाचतंय. याआधी एक जर्नल मी असंही पाहिलं होतं, ज्यात दहाही प्रयोग एकाच पेनाने, सह्या एकाच दिवशीच्या. तिथे वेगळं काही विचारायची गरजच पडली नाही.

पायरी ४: तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे ते पाहा

मुलं तक्रार करतात, करावीच. तुमचं काम ती चाळणीतून गाळायचं. माझ्याकडे चार खण आहेत: विषय अवघड, शिकवणं वाईट, व्यवस्था वाईट, आणि मुलाची स्वतःची तयारी कमी. बोलताना मूल हे सगळं एका दमात सांगतं.

"मॅथ्स थ्रीमध्ये अर्धा वर्ग केटी", म्हणजे त्या विषयात नापास, हे ऐकून घाबरायचं कारण नाही. इंजिनिअरिंगचं गणित कुठेही जा, अवघडच आहे. पण "मॅथ्स थ्रीला सेमिस्टरभर शिक्षकच नव्हते, शेवटच्या तीन आठवड्यांत उरकलं", ही व्यवस्थेची तक्रार. ती दोघा-तिघांनी वेगवेगळी सांगितली तर खरी धरा. "सर खूप कडक आहेत, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) रडवतात" हे ऐकलं की मी विचारते, त्या सरांच्या विषयात किती जण खरंच शिकले? मुलं क्षणभर विचार करून बऱ्याचदा हसतात आणि म्हणतात, तेवढा एकच विषय येतो.

इथे माझीच गोष्ट सांगते. मला एका सीनियरने सांगितलं होतं, "प्रोग्रामिंगचं टेन्शन घेऊ नको, पंधरा प्रोग्रॅम पाठ कर, त्यातलेच येतात." पहिल्या वर्षी ते खरं ठरलं. तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चरची व्हायवा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोरा कागद पुढे सरकवला, चार चौकोन काढले, बाणांनी जोडले आणि म्हणाले, "ही लिंक्ड लिस्ट. तिसरा नोड काढून टाक." मला सुरुवातीला नोड घालायचा प्रोग्रॅम अक्षरन् अक्षर पाठ होता. मधला काढायचा नव्हता. खरं तर पाठ करण्यासारखं त्यात काहीच नाही: दुसऱ्या चौकोनाचा बाण आधी चौथ्याला जोडायचा, मग तिसरा मोकळा करायचा. आधी तिसरा सोडला की चौथ्याकडे जायची वाटच हरवते. पेन्सिलीने दोन रेघांचं काम. मी तो कागद धरून बसले आणि मला एक रेघ सुचली नाही. त्या विषयात मी राहिले.

त्या दादाने मला फसवलं नव्हतं. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. मी "पास कसं व्हायचं" विचारलं होतं, "शिकायचं कसं" विचारलंच नव्हतं. शिवाय तो माझ्या आधीच्या अभ्यासक्रमातून शिकला होता, त्याचा पेपर वेगळ्या पद्धतीने निघायचा. म्हणून आता मी प्रत्येक मतापुढे साल लिहायला लावते. गोवा विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिकेवर ‘आरसी’ असं लिहून पुढे साल असतं. आरसी म्हणजे सुधारित अभ्यासक्रम. सीनियरला सरळ विचारा, तुझी आरसी कुठली, आणि आमच्या तुकडीला कुठली लागणार? कॉलेज स्वायत्त झालं असेल तर अभ्यासक्रम ते स्वतः ठरवतं, तेही विचारून घ्या.

बीसीए-बीएस्सीवाल्यांनी तर हे हमखास पाहावं. गोव्यात २०२३-२४ पासून पदवीला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं, चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा पर्याय आला. बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाला मंजुरी देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलं. त्याआधी पास झालेल्या मावसबहिणीला तुमच्या पहिल्या वर्षाबद्दल फारसं सांगता येणार नाही. एआय, डेटा सायन्स अशा नव्या नावांच्या ब्रँचबद्दलही असंच. जिथे पहिली तुकडी अजून बाहेर पडलेली नाही, तिथे चौथ्या वर्षाबद्दल जो काही बोलतो तो अंदाजानेच बोलतो. तिथे विषयांची यादी काढून शेजारी कॉम्प्युटर ब्रँचची यादी ठेवा आणि किती विषय खरंच वेगळे आहेत ते मोजा.

पायरी ५: नोकरीचे आकडे

पालकांचा जीव इथे अडकलेला असतो, ते साहजिक आहे. फलकावर मोठ्या अक्षरांत सगळ्यात मोठं पॅकेज असतं आणि खाली सरासरी. हिशोब करून बघा: दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले, तर सरासरी सात लाखांच्या वर जाते. पण त्या वर्गातला मधला मुलगा साडेतीन लाखांवर आहे. त्या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात, तोच विचारा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, त्यात पगाराचा मध्यक आणि किती मुलांना नोकरी लागली ते दोन्ही असतं. सीनियरला विचारायचं ते वेगळं: तुझ्या वर्गातले किती जण कॅम्पसमधून गेले, किती जणांनी नंतर स्वतः शोधली, किती जण गोव्यात राहिले? पुण्या-बेंगळुरूला जायची तयारी घरात आहे का, याचा विचार याच टप्प्यावर करा.

पायरी ६: कागद ताडून पाहा

याला अर्धा दिवस पुरतो. नॅकचं मूल्यांकन अख्ख्या कॉलेजचं असतं, एनबीएची मान्यता मात्र एकेका ब्रँचला मिळते आणि ठरावीक वर्षांपुरतीच असते. "आमचं कॉलेज एनबीए आहे" असं कोणी म्हटलं तर विचारा, कुठली ब्रँच आणि कधीपर्यंत? एआयसीटीईची मंजुरी आणि त्या ब्रँचच्या मंजूर जागा पाहा. मुलांचं म्हणणं आणि कागद जुळले नाहीत, तर त्या मुलाला पुन्हा फोन करा. बऱ्याचदा त्याचंच बरोबर निघतं, कारण कागद वर्षापूर्वीचा असतो.

पायरी ७: एकदा स्वतः जाऊन या

कामाच्या दिवशी जा, आणि शक्यतो पावसात. जूनच्या शेवटी कदंब बसने फोंड्याला उतरून दुसरी बस पकडून फर्मागुडीला जाणं आणि मे महिन्यात बाबांच्या गाडीतून जाणं यांत फार फरक आहे. हा प्रवास चार वर्षं करायचाय. घरातून किती वाजता निघालात, गेटवर किती वाजता पोचलात, ते लिहा. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सातला परतणारी मुलगी रात्री कोडिंगचा सराव किती करणार, याचं उत्तर त्या एका दिवसात मिळतं. पेडण्यातून वेर्ण्याला किंवा काणकोणातून आसगावला रोज जायचं मनात असेल तर हॉस्टेलचा खर्च आधी विचारून ठेवा.

गेटवर पोचलात की लायब्ररीत डोकावता येतं का ते विचारा आणि कँटीनमध्ये चहा घ्या. बाजूच्या बाकावर मुलं असतील त्यांना म्हणा, "आम्ही डिचोलीहून आलो, हिला प्रवेश घ्यायचाय." गोव्यातली मुलं एवढ्यावर बोलायला लागतात. आईवडिलांनी मात्र पाच मिनिटांनी उठून बाजूला जावं. मुलीला एकटीला बोलू द्या. काका-काकू बसलेले असताना कोणी केटीबद्दल बोलत नाही.

घरी येऊन वहीत दोन पानं करा: एकावर चार माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलेल्या सारख्या गोष्टी, दुसऱ्यावर एकट्यानेच सांगितलेल्या. पहिल्या पानावर ठरवा. दुसऱ्या पानावरच्या गोष्टींसाठी आणखी एक फोन करा.

प्रवेश पक्का झाला की ज्यांना विचारलं त्या सगळ्यांना कळवा, त्यांनी तुमच्यासाठी वेळ दिलाय. आणि त्याच फोनवर विचारा की ड्रॉइंगला मिनी ड्राफ्टर लागतो का, पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं आहेत का. बहुतेकांच्या माळ्यावर पडलेली असतात.